चोपन्न तास, बत्तीस मिनिटं

३१ जुलै २०२३, सोमवार. संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी खुलताबादेत माझ्या टेबलावर एक बारीक आवाज झाला. फोडणीत मोहरीचा एकच दाणा तडतडावा, तेवढा. समोर बसलेल्या पोराला तो ऐकूही आला नाही. स्क्रीन काळी झाली तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला आवाजावरूनच कळलं होतं.

मोबाइल आणि लॅपटॉपचे बोर्ड उघडण्यात पंधरा वर्षं गेली. पाण्यात गेलेले बोर्ड शेकड्यानं पाहिले. किती वाचवले ते मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो, हा मात्र कधी सांगितला नाही. खाली दिलेल्या वेळा माझ्या वहीतल्या आणि त्या पोराच्या मोबाइलमधल्या आहेत. एक-दोन अंदाजानं घातल्या आहेत.

शनिवार, २९ जुलै, दुपारी १२.२०
(५४ तास ३२ मिनिटं आधी)

त्या वर्षी खरिपाचा पीक विमा पहिल्यांदाच एक रुपयात झाला होता आणि शेवटची तारीख ३१ जुलै होती. शेतकऱ्यानं एक रुपया द्यायचा, अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळायचे. त्यामुळं शनिवार असो, मोहरमची सुट्टी असो, तालुक्यातली केंद्रं उघडीच होती. इकडं खुलताबादेत त्या दिवशी मोहरमची गर्दी आणि भद्रा मारुतीच्या शनिवारची गर्दी एकाच रस्त्यावर होती. तिकडं गदाण्याच्या बाजूच्या एका गावात चोवीस-पंचवीस वर्षांचा एक पोरगा लॅपटॉपसमोर मान खाली घालून बसला होता.

त्याची पद्धत सरळ होती. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असं सगळं दिवसा स्कॅन करून घ्यायचं, मूळ कागद लगेच परत द्यायचे आणि अर्ज निवांत रात्री भरायचे. कागद हरवले तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, म्हणून ते परत देण्याबाबत तो फार काटेकोर होता. तोवर ७७ जणांचे कागद त्या लॅपटॉपमध्ये जमा झाले होते. मका, कापूस, थोडी तूर.

लॅपटॉप स्वस्तातला, बारीक, बिनपंख्याचा. असल्या मशीनमध्ये वेगळी हार्ड डिस्क नसते. नखाएवढी ईएमएमसी नावाची चिप थेट बोर्डावर डकवलेली असते, मोबाइलमध्ये असते तीच जात. हार्ड डिस्क असती तर चार स्क्रू काढून दुसऱ्या मशीनला लावली असती आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

रांगेतल्या एका आजोबांनी पिशवीतून पासबुक काढायला म्हणून पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. बाटली आडवी झाली. सांडलं ते अर्धा पेलासुद्धा नसेल.

१२.२१

पोरानं पहिली गोष्ट बरोबर केली. पॉवरचं बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं, उलटं केलं, गमछानं पुसलं. आजोबा चार-चारदा "चुकलं बाबा" म्हणाले. कुणी कुणाला बोललं नाही.

पण हल्लीच्या लॅपटॉपची बॅटरी पोटात असते, बाहेरून निघत नाही. बटणानं तो बंद होतो तो तुमच्या-आमच्या दृष्टीनं. आत एक ३.३ व्होल्टची लाइन जागीच असते, कारण बटण कधी दाबलं जाईल याची वाट पाहत कुणीतरी बसायला हवं. घर झोपलं तरी दारातला कुत्रा जागा असतो ना, तसं.

त्या मिनिटाला खालचं झाकण उघडून बॅटरीची पट्टी ओढून काढली असती तर पुढचं काही घडलं नसतं. मला फोन केला असता तर मी हेच सांगितलं असतं. त्याच्याकडं माझा नंबर नव्हता.

दुपारी १.१०
(५३ तास ४२ मिनिटं आधी)

पन्नास मिनिटं उन्हात ठेवून त्यानं मशीन सुरू केलं, आणि ते सुरू झालं.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त भीती या सुरू होण्याची वाटते. भिजलेलं मशीन तिथंच मेलं तर माणूस घाबरून दुकानात धावतो. चाललं तर तो देवाचे आभार मानतो आणि कामाला लागतो. त्यानं आणखी नऊ जणांचे कागद स्कॅन केले. ७७ चे ८६ झाले.

३.०५ ला की-बोर्ड आपोआप ७७७७७७ लिहायला लागला आणि दोन मिनिटांत सगळं अंधारलं.

रात्री ९.००
(४५ तास ५२ मिनिटं आधी)

आईनं लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. मोबाइल पाण्यात पडला की हे औषध आता घरोघरी माहीत आहे, कुणी शोधलं देव जाणे. तांदूळ उघड्या हवेपेक्षा काही फार ओल ओढत नाही, आणि बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, चिपच्या पोटाखाली अडकलेल्या थेंबापर्यंत तर तो पोचतच नाही. त्याची पावडर मात्र चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. मी आजवर निदान चाळीस मशीनमधून तांदळाचे कण टोकरले असतील.

रविवार, ३० जुलै, पहाटे ३.००
(३९ तास ५२ मिनिटं आधी)

या वेळी काहीच घडलं नाही. सगळे झोपले होते, डबा बंद होता. तरी या अख्ख्या प्रकरणातली महत्त्वाची वेळ कुठली, असं विचाराल तर मी हीच सांगेन.

पाणी बोर्डाला मारत नाही. बॅटरी काढलेला बोर्ड आम्ही खुशाल पाण्यानं धुतो. नीट वाळवला तर त्याला काही होत नाही. मारते ती पाण्यातून वाहणारी वीज, आणि तीसुद्धा शुद्ध पाण्यातून फारशी वाहत नाही. आमच्याकडचं पाणी बोअरचं, काळ्या खडकातून आलेलं. हंड्यावर पांढरा थर चढवणारं ते पाणी बोर्डावर सांडलं म्हणजे क्षारांसकट सांडलं.

आता डोळ्यांसमोर आणा. तांब्याचे दोन ठिपके, मध्ये केसाएवढं अंतर. एकावर व्होल्टेज आहे, दुसरा ग्राउंड आहे, आणि दोघांना मिळून क्षाराच्या पाण्याचा एक थेंब. व्होल्टेजच्या बाजूचं तांबं हळूहळू विरघळतं, थेंबातून पलीकडं जातं आणि तिथं चिकटतं. चिकटलेलं तांबं मग आल्या वाटेनं परत वाढू लागतं, बारीक फांद्या फुटत, नेच्याच्या पानासारखं. पान पलीकडच्या ठिपक्याला टेकलं की शॉर्ट. अमेरिकेत बेल लॅब्जच्या संशोधकांनी १९५५ साली चांदीबद्दल हेच लिहून ठेवलं. टेलिफोनच्या उपकरणांत ओल धरलेल्या इन्सुलेशनमधून चांदी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकते, असं त्यांना आढळलं. धातू चालतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थापच वाटली होती. मग मायक्रोस्कोप घेतला.

आमच्या गावात मलिक अंबरची कबर आहे. १६२६ साली तो गेला. त्यानं खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, जमिनीखालच्या नहरींतून पाणी नेलं. त्या नहरीला उतार होता, मोजमाप होतं, पाणी जिथं पोचायला हवं तिथंच पोचत होतं. डब्यातल्या लॅपटॉपमध्ये पाण्याला वाट आखून द्यायला कुणी नव्हतं. ते की-बोर्डच्या कळांतून उतरलं, पत्र्याखाली शिरलं, आणि ३.३ व्होल्टची ती जागी लाइन त्याला रात्रभर वीज पुरवत राहिली.

सकाळी ११.३०
(३१ तास २२ मिनिटं आधी)

पोरगा मोटरसायकलवर शहरात गेला. दुकानाचं नाव त्यानं मला सांगितलं होतं, मी लिहिणार नाही. माझ्याकडूनही पुढं जे झालं ते पाहता मला तो अधिकार नाही. तिथल्या माणसानं उघडून न पाहता आधी अॅडॉप्टर लावला. भिजलेल्या बोर्डाला बॅटरी कमी पडत होती म्हणून की काय, वर १९ व्होल्ट. अॅडॉप्टरचा दिवा लागला, लॅपटॉप ढिम्म. दुपारी चारला निकाल मिळाला: बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल, आतल्या कागदांची हमी नाही. नव्या बोर्डाचा जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली तर नवा लॅपटॉप आला असता.

परतीच्या रस्त्यावर कागजीपुरा लागतो. शेकडो वर्षांपासून हातकागद बनवणारं गाव ते. पोरगा तिथं चहाला थांबला आणि तिथंच त्याला कुणीतरी माझं नाव सांगितलं.

सोमवार, ३१ जुलै, सकाळी ९.१५
(९ तास ३७ मिनिटं आधी)

शटर अर्धंच वर गेलं होतं. वेरूळला घृष्णेश्वराला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली होती, त्यातून वाट काढत तो आला. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला.

"दादा, लॅपटॉप राहू द्या. त्यातले कागद तेवढे काढून द्या."

"मुदत कधीपर्यंत?"

"आज रात्री बारा."

मी आधी बॅटरीची पट्टी काढली. पाणी सांडल्याला ४५ तास होत आले होते आणि इतक्या वेळात हे काम करणारा मी पहिला माणूस होतो.

ईएमएमसी चिप उचलून मोबाइलवाल्यांच्या सॉकेटमध्ये वाचता येते, हे मला माहीत आहे. पण त्याच्या सी ड्राइव्हवर कुलपाची खूण असायची, हे पोराला पक्कं आठवत होतं. म्हणजे विंडोजनं सगळं कुलूपबंद केलेलं. किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरपाशी बांधलेली. दुसरी किल्ली ईमेलच्या खात्यात असते, पण ते खातं लॅपटॉप विकणाऱ्यानं विकताना पाच मिनिटांत उघडून दिलेलं होतं. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. असली खाती तालुक्यात किती असतील याचा विचारच करू नये. थोडक्यात, कागद हवे असतील तर हाच बोर्ड, ह्याच चिपसकट, जिवंत करायला हवा होता.

१०.१०
(८ तास ४२ मिनिटं आधी)

बोर्ड उघड्यावर आला. वरवर पाहता तसा बरा. वायफायजवळ पांढरी बुरशी धरल्यासारखा डाग, आणि वीज वाटणाऱ्या चिपभोवती हिरवट कड.

शॉर्ट शोधणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. अॅडॉप्टरचे १९ व्होल्ट बोर्डावर आले की ते सगळ्यांना तसेच मिळत नाहीत. एक चिप त्यातून ३.३ आणि ५ व्होल्ट काढते, दुसरी प्रोसेसरसाठी एक व्होल्टच्या आसपास, अशा वेगवेगळ्या लाइनी निघतात. बहुतेक लाइनींच्या तोंडाशी एक कॉइल असते, करडी, चौकोनी, चिंचोक्याहून लहान. वीज न लावता, मीटरचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं कॉइलला टेकवायचं. आकडा मोठा आला तर ठीक. शून्याकडं गेला तर त्या लाइनीवरचं कुणीतरी वीज थेट जमिनीत ओततंय.

१९ ची लाइन ठीक. ५ ची ठीक. प्रोसेसरची कॉइल ६ ओहम, मीटरनं बीप मारला. शिकाऊ पोरं इथंच फसतात. बीप झाली की प्रोसेसर शॉर्ट म्हणून जाहीर करतात, शहरातल्या दुकानातही बहुधा तेच झालं. प्रोसेसरची लाइन मुळातच इतकी कमी दाखवते. मग ३.३ ची कॉइल: ०.४.

"सापडलं," मी म्हणालो. पोरानं हात जोडले. मला तेव्हा थांबवायला हवं होतं त्याला.

११.४०
(७ तास १२ मिनिटं आधी)

३.३ च्या लाइनीवर पन्नासेक तरी नग लटकलेले असतात. त्यातला चोर एकच. एकेक काढून पाहायचं तर संध्याकाळ. बोर्डाचा नकाशा हातात असेल तर काम निम्मं होतं, पण तो कंपन्या देत नाहीत. कुठून कुठून फिरत आलेल्या फायलींवर आमचं चालतं. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा आम्ही दोन-तीन जणांनी पेढे वाटले होते. त्या दिवशी या मॉडेलची फाइल काही माझ्याकडं नव्हती.

म्हणून राळ. सोल्डरिंगच्या तापल्या टोकावर राळेचा खडा टेकवला की पांढरा धूर निघतो. तो बोर्डावर धरायचा. थोड्या वेळात सगळा भाग दंव पडल्यासारखा पांढरा होतो. मग त्या लाइनीत बाहेरून वीज सोडायची, पण जपून: एक व्होल्ट, तीन अँपिअरची मर्यादा. ३.३ च्या लाइनीत ३.३ हून जास्त कधीच जाऊ द्यायचं नाही, कारण त्या लाइनीवर बसलेल्या बाकीच्यांनी काही गुन्हा केलेला नसतो.

सप्लायचा काटा २.४ अँपिअरवर गेला. मी आणि पोरगा, दोघं मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर डोळे लावून. एक, दोन, तीन. वायफायच्या डाव्या बाजूला, मोहरीच्या निम्म्या आकाराचा एक कपॅसिटर होता. त्याच्यावरची पांढरी राळ ओली झाली, वितळली आणि खालचा तपकिरी रंग दिसू लागला. आजूबाजूला सगळं पांढरं, तो एकटा उघडा. हे दृश्य मी हजार वेळा पाहिलं असेल, अजून प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

गरम हवा मारली, चिमट्यानं उचलला. त्याच्यासारखे भाऊबंद शेजारी डझनभर होते, एक गेल्यानं अडत नाही. मीटर लावला: साडेआठ किलो-ओहम. शॉर्ट गेला. पोरानं घरी फोन करून सांगूनही टाकलं.

१२.५०
(६ तास २ मिनिटं आधी)

आता धुणं.

पद्धत मला पाठ आहे. पत्र्याची झाकणं काढायची, बोर्ड अल्ट्रासॉनिकच्या टबात सोडायचा, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग गरम पेटीत चार तास तरी. हिरवी कड एखाद्या चिपखाली जात असेल तर चिप उचलून तिचं पोट साफ करायचं. माझ्याकडं टब आहे. पेटी आहे. चार तास मिळाले असते तर बोर्ड पाच-साडेपाचला बाहेर आला असता.

८६ अर्ज, एकाला दहा-बारा मिनिटं. पोरगा मनातल्या मनात हिशेब करत होता. ते त्याच्या ओठांवर दिसत होतं.

मी आयपीए ओतलं, ब्रशनं वरवर घासलं, पत्रा जागेवरच राहू दिला, ब्लोअरनं दहा मिनिटं वाळवलं. त्यानं काही म्हटलेलं नव्हतं. हे मी आपण होऊन केलं.

१.२५
(५ तास २७ मिनिटं आधी)

सवयीनं आणखी एक मोजमाप घेतलं. १९ ची लाइन आणि ३.३ ची लाइन, एकमेकींत किती? त्यांच्यामध्ये मॉसफेट नावाची एक झडप असते. ती सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करते आणि १९ मधून लागेल तेवढीच वीज पलीकडं सोडते. ही झडप उघडीच राहिली तर १९ च्या १९ व्होल्ट ३.३ वाल्यांच्या अंगावर येतात.

मीटरवर आकडा ठरेना. ४१ किलो-ओहम, ३९, ४२, ३६. कपॅसिटर भरत असले की आकडा चढत जातो आणि एका जागी थांबतो. हा चढत नव्हता, झुलत होता, आणि झुलता झुलता खाली येत होता. ३५. ३७. ३३.

मी म्हटलं, आयपीए अजून ओलं असेल.

वहीत या ओळीपुढं मी प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. ते आजही तिथं आहे.

३.४०
(३ तास १२ मिनिटं आधी)

जेवण राहिलंच. बोर्ड उघडाच टेबलावर, बॅटरी बाजूला काढलेली, १९ व्होल्ट माझ्या सप्लायवरून, मर्यादा एक अँपिअर. बटण दाबलं. काटा हलला, ०.०२, ०.१५, ०.४. काळ्या स्क्रीनवर कंपनीची खूण उमटली. पोरगा रडला, पण थोडंच.

विंडोज चढताना मशीनला एक अँपिअर पुरेना आणि स्क्रीन दोनदा विझली.

४.२०
(२ तास ३२ मिनिटं आधी)

मर्यादा दोन अँपिअर करायची, एवढंच काम होतं. बटण पिळायला सेकंद लागतो. तेवढ्यात कसाबखेड्याचे एक काका बंद पडलेला मोबाइल घेऊन आले, शेतातल्या मोटारीचं काहीतरी त्याच फोनवरून चालायचं, घाई त्यांनाही होती. सप्लाय माझ्याकडं एकच. मी लॅपटॉपला त्याचा स्वतःचा अॅडॉप्टर लावून दिला आणि सप्लाय काकांच्या मोबाइलकडं वळवला.

सप्लायला मर्यादा असते. कुठं शॉर्ट झाला तर तो हात आखडता घेतो. अॅडॉप्टर ४५ वॅटचा होता. त्याला मागेल तेवढं द्यायचं एवढंच कळतं.

४.४५
(२ तास ७ मिनिटं आधी)

विंडोज उघडलं. की-बोर्ड मेलेला, म्हणून बाहेरचा लावला. यूएसबीच्या दोन खाचांतली एक गंजलेली, चालू होती ती की-बोर्डनं अडवली. पोरानं पिन टाकला. डेस्कटॉपवर 'विमा २०२३' नावाचं फोल्डर होतं, आणि त्यात ८६ फोल्डरं.

"आधी पेन ड्राइव्हमध्ये घे," मी म्हणालो.

"दादा, खाच एकच हाये. दोन-चार अर्ज भरून घेऊ का आधी? साइट चालू राह्यली आत्ता."

मी होकार दिला. टचपॅड चालत होता. विंडोजमध्ये स्क्रीनवर उमटणारा की-बोर्ड असतो, माउसनं टिचकी मारून त्यावर लिहिता येतं. पिन टाकून झाल्यावर बाहेरचा की-बोर्ड काढून त्या खाचेत पेन ड्राइव्ह घालता आला असता. सगळे कागद मिळून दोन जीबीसुद्धा नव्हते, पाच-सात मिनिटांचं काम. हे मला रात्री पावणेबाराला अंथरुणात सुचलं. पंधरा वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच.

६.१०
(४२ मिनिटं आधी)

आठ अर्ज झाले होते. काकांचा मोबाइलही झाला होता आणि सप्लाय रिकामा पडला होता. मला वास आला. जळका नाही, ओल्या पत्र्यावर ऊन पडल्यावर येतो तसा आंबट. वीज वाटणाऱ्या चिपवर बोट ठेवलं. गरम होती, पण हात उचलावा इतकी नाही. अशी गरम ती एरवीही असू शकते, असं मी स्वतःला सांगितलं आणि पोराला विचारलं, "कितवा?"

"नववा."

"चालू दे."

६.५२

अकरावा अर्ज गेला. पावतीचा नंबर स्क्रीनवर होता. तो मोबाइलमध्ये टिपायला पोरानं मान खाली घातली आणि मोहरी तडतडली.

७.०५
(१३ मिनिटांनंतर)

"दादा, परत चालू होईल ना?"

मी मीटर लावला. झडप आरपार झाली होती, १९ आणि ३.३ मध्ये शून्य. सकाळचीच युक्ती पुन्हा केली, एक व्होल्ट सोडून कोण तापतंय ते पाहिलं. सकाळी एकच चोर होता. आता सगळंच घर जळालं होतं: वायफाय, बायोसची चिप, की-बोर्ड सांभाळणारा कंट्रोलर. ईएमएमसीला ३.६ व्होल्टच्या वर सोसत नाही. तिच्यावर बोट टेकवलं आणि चटकन मागं घेतलं. बोटाच्या टोकावर फोड आला.

त्याला काही सांगायची गरज पडली नाही. तो बोटाकडं पाहत होता.

रात्री मोबाइलवर बातमी आली: विम्याची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली.

मुदत वाढल्याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नाही. पोरानं मात्र रागबिग केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मावसभावाचा जुना लॅपटॉप मागून आणला, पिशवी घेतली आणि उरलेल्या ७५ जणांच्या घरी, शेतावर जाऊन पुन्हा कागद गोळा केले. कागद सगळ्यांकडं होते, पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यामागं, गादीखाली. त्यानंच वेळच्या वेळी परत दिलेले. तीन तारखेच्या रात्रीपर्यंत ६८ अर्ज भरून झाले. सात जण गावाबाहेर होते, त्यांचे राहिले. बाटलीवाल्या आजोबांचा अर्ज त्यानं सगळ्यांत आधी भरला. माझी मजुरी विचारायला तो परत आला होता. त्याला मी चहा पाजून पाठवलं.

चार तारखेला दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी तो बोर्ड काढला, पत्रा उघडला, गरम हवा मारून वीज वाटणारी चिप उचलली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. पोटाखाली दोन पायांच्या मध्ये तांब्याचं पान होतं. मधला देठ, दोन्हीकडं बारीक फांद्या, टोकाला हिरवी किनार. जिथं पेटलं तिथं फक्त देठ तुटून काळा झाला होता, बाकी पान शाबूत. ब्रशला आयपीए लावून एकदा फिरवलं. पान निघून आलं.